दुसऱ्याच नंबरला भैरवी

ते मशीन सध्या माझ्या फ्रिजवर असतं. चंदेरी रंग, वर उचलायला मूठ, दोन्ही बाजूंना गोल स्पीकर आणि मधे झाकण. झाकण उघडून सीडी ठेवायची, नाहीतर बाजूच्या फटीत पेनड्राइव्ह लावायचा. समोर छोटी निळी खिडकी, तिच्यात गाण्याचा नंबर येतो. घरी कोणी आलं की विचारतं, हे अजून चालतं का. मी म्हणते, चालतं ना, न चालायला काय झालं त्याला. त्यांना वाटतं मी हौसेनं घेतलं असेल. मी घेतलेलं नाही. एक काळ असा होता की हे मशीन एखाद्या दिवशी रिक्षातून नाल्यात पडावं असं मी देवापुढे हात जोडून मागत होते.

आमची माणसं मूळ नागपूरकडची. सासरे रेल्वेत होते, त्यांच्या बदलीनं घर रायपूरला आलं आणि मग इथलंच झालं. लिहायला बसले की मी मला-तुला लिहिते. बोलताना मले-तुलेच येतं, आणि पोट्ट्यांना मराठीत विचारलं तर उत्तर हिंदीत मिळतं. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मराठी घरं आता थोडीच राहिली, पण बायकांचं भजन मात्र नेमानं चालतं. दर गुरुवारी दुपारी चार वाजता, दर वेळी एकीच्या घरी. आम्ही अकरा-बारा जणी. पेटी माझी, माहेरून आणलेली. जिच्या घरी भजन असेल तिच्याकडे ती रिक्षात घालून न्यायची. गाणं उचलायचं ते मी. मी एक ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची.

सतरंजीवर पेटीमागची ती हातभर जागा माझी होती. घरात मला कोणी विचारत नव्हतं असं नाही. पण विचारत होते ते भाजी काय केली आणि कपडे वाळले का, एवढंच. गुरुवारी चार ते साडेपाच मात्र मी भाता दाबल्याशिवाय कोणी तोंड उघडत नव्हतं. सगळ्या जणी माझ्या बोटांकडे बघत बसायच्या. तेवढ्या दीड तासावर मी आठवडा काढत होते म्हटलं तरी चालेल.

आणि माझ्या भजनाला शिस्त होती. आधी गणपती, मग गुरू, मग विठ्ठल, देवी, ज्या घरात असू त्यांच्या आवडीचं एखादं, आणि सगळ्यात शेवटी भैरवी. भैरवीतलं भजन झालं की झालं. त्यानंतर कोणी सूर काढायचा नाही, आरती करायची आणि उठायचं. एकदा एकीची अमरावतीची नणंद भैरवी झाल्यावर म्हणाली, अजून एक होऊन जाऊ द्या ना. मी पेटीची कडी लावली आणि म्हटलं, आता पुढच्या गुरुवारी या. तिला गाडी होती त्याच संध्याकाळची. पण नियम म्हणजे नियम, आणि तो माझ्याच हातानं घातलेला.

आमच्यात सगळ्यात मोठ्या काकू. त्यांचे यजमान पोस्टात होते. काकूंचा दम कमी, ओळीच्या शेवटी त्या नेहमी मागे राहायच्या. मग मी शेवटचा सूर पेटीवर धरून ठेवायची, काकू पोचल्या की पुढे जायची. हे कोणाच्या लक्षात येत नसे, आणि न येण्यातच माझी खरी कारागिरी होती, असं मला वाटायचं.

मग बिलासपूरहून ती आली. नवऱ्याची बदली झाली म्हणून आमच्या मागच्या गल्लीत घर घेतलं. मी तिला इथं मशीनवालीच म्हणते, माझ्या मनात तिचं नाव तेच पडलं. अंगानं भरलेली, हसरी, कोणाच्याही घरी स्वयंपाकघरात शिरून चहा टाकणारी बाई. पहिल्याच गुरुवारी ती माझ्या अगदी समोर येऊन बसली आणि गायला लागली. आवाज मोठा होता आणि सुराशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. आम्ही वर गेलो की ती खाली, आम्ही खाली आलो की ती तिथेच उभी. शिवाय डोळे मिटून गायची. तोंडावर इतकं सुख की माझं डोकं अजूनच फिरायचं.

दोन गुरुवार मी मूग गिळून बसले. तिसऱ्या गुरुवारी गाणं चालू असताना भाता थांबवला. मी हसून म्हटलं, "वहिनी, तुम्ही टाळ धरा. टाळ छान वाजवता तुम्ही."

तिनं तोवर टाळ हातात घेतलेला नव्हता. ते तिला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. दोघी-तिघींनी खाली सतरंजीकडे पाहिलं. ती "हव" म्हणाली, टाळ घेतला, आणि महिन्याभरात ठेक्यात पक्की झाली. पण तोंड बंद. मी म्हटलं, चला, सुटलो.

दिवाळी झाली आणि मशीन आलं. तिचा मुलगा पुण्याला नोकरीत होता, त्यानं दिलेलं. भजन तिच्या घरी होतं. आम्ही आत गेलो तर पाटावर मशीन, त्याला झेंडूची माळ, समोर उदबत्ती. मी पेटी घेऊन दारातच उभी राहिले, कारण पाट मांडला होता तो माझ्या जागेवर. ती म्हणाली, "वहिनी, तुमच्या बोटांले आज आराम. यात छत्तीस भजनं आहेत, ओळीनं लावलेली. आपण फक्त मागून म्हणायचं."

काकूंनी पुढे होऊन मशीनला हळदीकुंकू लावलं. नवी वस्तू घरात आली की आपण लावतोच. तेवढ्यात मशीनवालीनं झाकण उघडून सीडी हातात घेतली, तर आणखी एकीनं त्या सीडीलाही लावलं, आणि लावलं ते नेमकं चकचकीत बाजूला, कारण तीच बाजू देवघरातल्या ताटलीसारखी चमकत होती. मग मशीन घुर्र घुर्र करायला लागलं. गणपतीचं पहिलंच भजन अर्ध्या ओळीवर अडकलं आणि तीच अर्धी ओळ चार वेळा म्हणालं. आमच्या बायकांनी ती मागून चार वेळा म्हटली. त्यांना वाटलं, तसंच बसवलेलं असेल. मी पोट धरून हसले, आणि मनात म्हटलं, झालं, आजच्या आजच निकाल लागला.

कुठला निकाल. तिनं सीडी ओल्या फडक्यानं पुसली, पदरानं कोरडी केली आणि परत ठेवली. मग जो आवाज निघाला तो साऱ्या खोलीत भरला. मागे तबला, बासरी, गाणारी बाई अशी तयारीची की माझ्या अंगावर काटा आला आणि पोटातही दुखायला लागलं, दोन्ही एकदमच. त्या आवाजाखाली मशीनवाली खुशाल मोठ्यानं गात होती. आता तिला थांबवणार कोण? मशीन काही भाता सोडून टाळ धरा म्हणत नव्हतं. हे असं जोडून मी तेव्हा पाहिलं नाही. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की अकरा जणी त्या निळ्या खिडकीकडे बघत होत्या आणि माझ्या बोटांकडे एकही नाही.

पुढच्या गुरुवारपासून पेटी रिक्षात चढलीच नाही. "वजन आहे वो, काहून आणता," असं सगळ्या जणी मायेनं म्हणाल्या. मशीन हलकं, मुठीला धरून आणता येतं, लाइट गेली तर मोठे सेल घातले की चालतं. आठ सेल लागायचे त्याला, राक्षसासारखं खायचं. मी कोपऱ्यात बसून काकूंकडे बघायची. सीडीतली बाई काही काकूंसाठी थांबत नव्हती. ती आपली पुढच्या ओळीला लागायची आणि काकू मागच्याच ओळीत. मला वाटलं, आता काकू बोलतील. बोलल्या त्या, पण काय, तर "आता बरं आहे बाई, घाई नाही. ते गाऊन राहते, मी ऐकून राहते." ज्यांच्यासाठी मी वर्षानुवर्षं सूर धरून ठेवला, त्या अशा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी नवऱ्यापुढे रडगाणं गायले तर ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुझी पेटी रिटायर झाली म्हणायची. मले तरी कुठं निरोप समारंभ केला ऑफिसनं." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

एकदा सदर बाजारात गेले होते, दुकानात तसंच मशीन दिसलं. मी सहज विचारतेय असं दाखवून विचारलं. दुकानदार म्हणाला, "दीदी, अब ये कौन लेता है, सब मोबाइल में सुनते हैं। पुराना पीस है।" मला इतका आनंद झाला की घेऊन आलेली साडी पिको करायला टाकायची विसरले. पुढच्या गुरुवारी सगळ्यांसमोर मी ते सांगितलं, की वहिनी, हे आता चालत नाही म्हणतात हो, जुनं झालं. ती हसून म्हणाली, "हव ना. म्हणून तर पोट्ट्यानं मले दिलं. त्याच्या कामाचं नव्हतं." सगळ्या हसल्या आणि तिच्या बाजूनं हसल्या. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? तिचं काही लपवलेलंच नव्हतं.

मग श्रावणात तिला लेकीच्या बाळंतपणाला दुर्गला जावं लागलं. जायच्या आदल्या दिवशी ती मशीन घेऊन माझ्या दारात. "गुरुवार बंद पडू नये म्हणून ठेवते. बाकी कोणाकडे नाही ठेवत, लेकरं बटनं दाबतात. तुमी सांभाळून ठेवाल."

मी सांभाळून ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना लावलंही. छत्तीसच्या छत्तीस भजनं ऐकली. सीडीतली ती बाई मी जे गाते तेच गात होती, पण जिथे मी सरळ जाते तिथे ती वळून, थांबून, लाडिकपणे जात होती. मी पेटी काढून तिच्याबरोबर वाजवून पाहिलं. बोटं पोचेनात. मी चाळिशीत शिकायला बसलेल्या बाईसारखी घामाघूम झाले. मशीनवालीवर मी जळत होतेच. त्या दिवसापासून सीडीतल्या त्या बाईवरही जळायला लागले, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं.

संध्याकाळी माझी मुलगी कॉलेजातून आली. मी विचारलं, ही बाकीची बटनं कायची गं? ती उभ्या उभ्या सांगत गेली, "ये आवाज का, ये रेडियो का, और ये रैंडम। इसको दबाओगे तो गाने उलटे-पुलटे बजेंगे।" तिनं दाबून दाखवलं. खिडकीत एकमेकांवर चढलेले दोन बारीक बाण आले आणि एकाच्या पाठी सतरावं, मग चौथं, मग एकोणतिसावं. मी म्हटलं, बंद कर, बिघडेल. तिनं बंद केलं. मी मात्र ते बटन कुठे आहे ते नीट पाहून ठेवलं. पाहून कशाला ठेवते आहे, हे मी स्वतःलाही विचारलं नाही.

आमच्या मराठी लोकांचा गणपती दर वर्षी एका हॉलमध्ये बसतो. दहा दिवसांतली एक दुपार बायकांच्या भजनाची. चाळीस मिनिटं मिळतात. वर्षभरात आम्हाला घराबाहेर कोणी ऐकायचं ते त्याच दिवशी. आधीच्या सगळ्या वर्षी स्टेजवर मधोमध पेटी आणि पेटीमागे मी. त्या वर्षी मशीनवाली दुर्गहून परत आली आणि ठरलं, मशीन न्यायचं. पंडरीच्या बाजारातून सगळ्यांना एकसारख्या साड्या आणल्या, रंगही मशीनवालीनं निवडला, मोरपंखी. मला मोरपंखी अजिबात शोभत नाही. काकू म्हणाल्या, "तुमी मशीनजवळ बसा, तुमाले त्याचं समजते." आणि माझ्या हातात टाळ दिला. देताना त्यांच्या मनात काही नव्हतं, कोणाच्या तरी हातात द्यायचाच होता. मशीनवालीला आता गायचं होतं ना.

मी स्टेजवर टाळ घेऊन बसले. समोर खुर्च्यांवर सगळी ओळखीची माणसं. पहिल्या रांगेतली एक जण मला खुणेनं विचारत होती, पेटी कुठे? मी मान हलवली. तिकडे मशीनवालीनं झाकण लावलं, बटन दाबलं, गणपतीचं भजन सुरू झालं. सगळ्या छान म्हणत होत्या. माईक तिच्यापासून लांब ठेवला होता तरी तिचा आवाज मला येत होता, डोळे मिटलेले, मान डोलते आहे. माझ्या मनात आलं, ही इथे गाते आणि मी टाळ कुटते. दुसरं काही मनात आलं नाही. मी टाळ मांडीवर ठेवल्यासारखं केलं आणि अंगठ्यानं ते बटन दाबलं.

मला फक्त गोंधळ हवा होता. गुरूच्या जागी देवी यावी, बायकांनी एक म्हणावं आणि मशीननं दुसरं, लोकांनी हसावं, एवढंच. पण छत्तीस गाण्यांमधून दुसऱ्याच नंबरला आली भैरवी.

पहिल्या सुरालाच सगळ्यांनी ओळखलं. इतकी वर्षं मीच शिकवलेलं ना. कोणी चुकलं नाही, कोणी इकडेतिकडे पाहिलं नाही. त्यांनी भैरवी मन लावून म्हटली आणि संपल्याबरोबर हात जोडले. माईकवर बोलणारे मंडळाचे भाऊ घड्याळाकडे न बघता म्हणाले, "आता आरती." खाली निरांजन पेटलं. काकू गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. मशीनवाली तेवढी बसून होती. ती काकूंना म्हणाली, "अजून आपली पाच भजनं बाकी आहेत." काकू म्हणाल्या, "भैरवी झाली ना बाई. आता कायचं गाणं?" चाळीस मिनिटांचं भजन दहा मिनिटांत आटोपलं. आरती चालू झाली आणि त्या आरतीत मशीन आपलं बाळकृष्णाचा पाळणा म्हणत होतं. समोरची पोरं फिदीफिदी हसत होती. तिनं घाईघाईनं ते बंद केलं, दोनदा चुकीचं बटन दाबून.

मी गणपतीकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, मला वाटलं त्यानं माझ्या बाजूनं कौल दिला. छत्तीसमधून भैरवीच का यावी? त्यालाही पेटीच हवी होती, असं मी ठरवून टाकलं.

पुढच्या गुरुवारी पेटी परत रिक्षात चढली. ती सीडी खराब असेल, हळदीकुंकवाचा डाग राहिला असेल, असं बायका बोलल्या आणि विषय मिटला. मशीनवाली दोन गुरुवार आली नाही. मग एका सकाळी मशीन घेऊन माझ्याकडे आली, पाटावर ठेवलं, म्हणाली, "हे तुमीच ठेवा. माझ्या घरात मले ते पाहवत नाही." मी वरवर नको नको म्हटलं आणि ठेवून घेतलं. त्यानंतर ती भजनाला नेमानं यायला लागली. कोपऱ्यात बसायची, टाळ धरायची, ओठ बंद. ठेका कधी चुकला नाही. मी माझ्या जागेवर, काकूंसाठी सूर धरायला परत मोकळी. सगळं मला हवं होतं तसं झालं.

याला आता बारा-तेरा वर्षं झाली असतील. काकू ऐंशीच्या पुढे गेल्या, माझी मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली, नवरा अजून पेपर वाचतो. मशीन फ्रिजवर राहिलं. दुपारी एकटी असले की मी लावते आणि सीडीतल्या बाईच्या मागे मागे पेटीवर जायला बघते. काही जागा आता जमतात. तेवढं मी त्या सीडीतल्या बाईकडून शिकले, हे कोणाला सांगितलेलं नाही.

या वर्षी गणपतीच्या आधी मशीनवाली प्रसादाच्या खिरापतीचं विचारायला आली. मशीन चालूच होतं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, ऐकत राहिली. गणपती झाला, गुरू झाला, विठ्ठल लागला. "बरं ओळीनं चालून राहिलं की," ती म्हणाली.

मी चहा ठेवत होते. पाठमोरी होते म्हणून असेल, पण सहज विचारलं गेलं, "वहिनी, तुम्ही गात काहून नाही वो?"

ती म्हणाली, "गणपतीनंच थांबवलं ना मले."

मी वळले नाही. ती सांगत होती. अगदी साध्या आवाजात, कोणाविषयी तक्रार नाही. "माझा आवाज कसा आहे ते मले माहीत आहे. मशीनखाली लपून गात होती मी. त्या दिवशी त्याच्यापुढे बसली, पहिलंच म्हटलं आणि त्यानं लगेच भैरवी लावून दिली. म्हणजे काय, तर बाई, पुरे आता. देवानं सांगितल्यावर माणसानं समजावं. मी घरीही नाही गात. नातू झोपवताना नुसती थोपटते."

चहा उतू गेला. मी गॅस पुसत राहिले, तिला कप दिला, खिरापतीचं काय ठरलं ते आता आठवतही नाही. ती गेल्यावर मला राग आला, तो आधी तिचाच. एवढं कोणी मनाला लावून घेतं का? देव काय सीडी लावत बसतो का? मग आठवलं, मीसुद्धा तेच समजले होते. मीही म्हटलं होतं, देवानं कौल दिला. फक्त माझ्या वाट्याला गोड आलं होतं आणि तिच्या वाट्याला ते.

त्या गुरुवारी भजन माझ्या घरी होतं. सगळ्या येऊन बसल्या. मी पेटी जवळ आणून ठेवली, पण उघडली नाही. फ्रिजवरून मशीन उतरवलं आणि सतरंजीच्या मधे ठेवलं. काकू म्हणाल्या, "हे कायले काढलं वो आज?" मी गणपतीचं भजन लावलं. मग सगळ्यांना दिसेल असं ते बटन दाबलं. खिडकीत दोन बाण आले. पुढचं लागलं ते देवीचं, त्याच्यानंतर पाळणा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

मी मशीन बंद केलं. "हे असं या बटनानं होते," मी मशीनवालीकडे बघून म्हटलं. "त्या दिवशी हॉलमध्ये हे मी दाबलं होतं. माझ्या अंगठ्यानं. सीडी खराब नव्हती आणि डागही नव्हता."

काकूंनी फक्त "बाई बाई" म्हटलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. मशीनवाली त्या बटनाकडे बघत होती. पुढे वाकून तिनं ते एकदा दाबलं, बाण गेले. परत दाबलं, बाण आले.

"म्हणजे गणपतीचं काही नव्हतं?" ती म्हणाली.

"नाही."

"त्याले चालत होता माझा आवाज?"

मी म्हटलं, "त्याचं मले माहीत नाही, वहिनी. मले चालत नव्हता."

मला वाटलं ती उठून जाईल. जायला हवं होतं. बारा वर्षं ओठ बंद ठेवणं म्हणजे काय थोडं झालं? ती मात्र हातातल्या टाळाकडे बघत बसली. मग ती सरकून पुढे आली, मशीनची मूठ धरून ते बाजूला ठेवलं आणि टाळ माझ्या हातात दिला.

"मग आज तुमी टाळ धरा," ती म्हणाली.

ती गायला लागली. मशीन नाही, पेटी नाही. बारा वर्षांनी सुटला तो आवाज तसाच, जुना, कुठेही जाणारा. माझा हात आपोआप पेटीच्या कडीकडे गेला, निदान एक सूर द्यावा म्हणून. ती डोळे न उघडता म्हणाली, "राहू द्या." मी हात मागे घेतला. ओळ संपली, बायका गोंधळून थांबल्या, मग काकूंनी मागून म्हणायला सुरुवात केली आणि बाकीच्या त्यांच्या पाठी गेल्या. काकूंचा दम शेवटी संपला, तेव्हा ती थांबली. कोणी न सांगता थांबली, काकू पोचल्या आणि मग पुढची ओळ उचलली.

मी टाळ धरला होता, ठेका चुकू दिला नाही. अकरा जणी तिच्या तोंडाकडे बघत होत्या आणि माझ्या हातांकडे कोणीच नाही. एवढं सगळं माझ्याच तोंडानं कबूल करून बसले होते, तरी खरं सांगते, मले तेव्हाही जळलंच.